डोळ्यासाठी दिलेलं गोड औषध आणि किडनी-हार्टचा पेशंट

प्रश्न : नमस्कार डॉक्टर. माझ्या सासूबाई ६४ वर्षांच्या आहेत, शुगर अठरा वर्षं जुनी, किडनीचं क्रिएटिनिन १.९, आणि एंजिओप्लास्टीनंतर इकोमध्ये हार्टचं पंपिंग ३५ टक्के आलंय. मागच्या महिन्यात रात्री एकदम उजवा डोळा लाल झाला, कपाळ फुटेल असं दुखायला लागलं, उलट्या, लाईटभोवती रंगीत गोल दिसायला लागले. जवळच्या डॉक्टरांनी डोळ्याचं प्रेशर वाढलंय म्हणून लिंबू पिळून एक गोड घट्ट औषध प्यायला दिलं आणि मोठ्या दवाखान्यात पाठवलं. तिथे पोचेपर्यंत शुगर ४१२! तिथले डोळ्यांचे डॉक्टर मॅनिटॉलची बाटली लावणार होते तर फिजिशियननी थांबवलं, म्हणाले ही बाटली यांना झेपणार नाही. शेवटी ड्रॉप्स आणि लेझरवर भागलं, डोळा वाचला. पण घरात आता भांडण लागलंय, नणंदबाई म्हणतात पहिल्या डॉक्टरांनी शुगरच्या पेशंटला साखर पाजली, मिस्टर म्हणतात दुसऱ्यांनी उगाच वेळ घालवला. आता त्याच डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन ठरतंय. अशी औषधं नेमकी कुणाला चालत नाहीत आणि आम्ही आधीच काय सांगायचं? त्यांना बद्धकोष्ठासाठी पण एक गोड सिरप चालू आहे आणि पोटॅशियम कमी करायची पावडर पण आहे, ते ठीक आहे का? आणि माझ्या चार वर्षांच्या मुलाला शुगर फ्री खोकल्याचं औषध देतो त्यात सॉर्बिटॉल लिहिलंय, तेही सांगा.
— एक सून, सांगली जिल्हा

ताई, आधी भांडण मिटवूया कारण ते मिटल्याशिवाय घरात कुणी पुढचं वाचणार नाही. तुम्ही जे वर्णन केलंय तो काचबिंदूचा अचानक आलेला झटका, डोळ्यातलं पाणी बाहेर जायची वाटच बंद होते आणि आतलं प्रेशर चढत जातं, नॉर्मल १० ते २१ असतं ते अशा वेळी ५०-६० वर जातं, आणि तसंच राहिलं तर काही तासांत डोळ्याच्या नसेचं कायमचं नुकसान व्हायला सुरुवात होते. म्हणजे रात्री छोट्या दवाखान्यात समोर उलट्या करणारी बाई, डोळा दगडासारखा कडक, आणि हाताशी असलेलं औषध ग्लिसरॉल. ते त्यांनी दिलं. वाईट हेतूने नाही आणि अडाणीपणानेही नाही, ते पुस्तकातलंच औषध आहे, लिंबाचा रस घालून गार करून देतात कारण नाहीतर त्या घट्ट गोडीनेच पेशंट ओकतो. पण शुगर आहे का हे विचारायला हवं होतं, आणि तुमच्याकडूनही कुणीतरी न विचारता सांगायला हवं होतं, एवढंच मी म्हणेन. फिजिशियननी बाटली थांबवली ते मात्र अगदी बरोबर केलं, मिस्टरांना सांगा की तो वेळ वाया गेला नाही.

आता औषधांकडे येऊ. ग्लिसरॉल, मॅनिटॉल, सॉर्बिटॉल, लॅक्टिटॉल ही सगळी एकाच घराण्यातली, शुगर अल्कोहोल म्हणतात, पण त्यात ना आपली साखर असते ना दारू. (वारकरी आजोबांना हे आधी सांगावं लागतं, नाहीतर माळ घातलीय म्हणून बाटली परत.) गोड आहेत म्हणून सगळ्यांना वाटतं की धोका फक्त शुगरवाल्यांना, आणि तिथेच घोळ होतो. ह्या औषधांचा खरा कारभार पाण्याचा आहे. कैरीच्या फोडींना मीठ लावून ठेवलं की पाणी सुटतं ना, तसं ही औषधं रक्तात गेली की डोळ्यातलं, मेंदूतलं, सगळ्या पेशींमधलं पाणी रक्ताकडे ओढतात, किंवा आतड्यात राहिली तर पाणी आतड्यात ओढतात. म्हणून प्रेशर उतरतं, म्हणून पोट साफ होतं. आणि म्हणूनच विचारायचा प्रश्न हा की ओढलेलं पाणी पुढे जाणार कुठे? ते पंप करायला हार्ट लागतं, बाहेर टाकायला किडनी लागते, आणि सासूबाईंचं नेमकं हेच दोन्ही कमजोर.

मॅनिटॉलचं बघा. डोळ्यासाठी साधारण वजनाच्या किलोमागे एक ते दोन ग्रॅम देतात, बाटली २० टक्क्यांची असते म्हणजे १०० मिलीत २० ग्रॅम, तर ६० किलोच्या बाईला कमीत कमी ३०० मिली, तेही अर्ध्या ते एका तासात. आपल्या रक्ताचा दाटपणा, म्हणजे त्यात विरघळलेल्या कणांचं प्रमाण, २९० च्या आसपास धरतात आणि ह्या बाटलीचा जवळपास ११००. त्यामुळे बाटली सुरू झाली की पहिल्या तासात रक्ताचं प्रमाण फुगतं, शरीरभरचं पाणी नसांमध्ये येतं, आणि ते सगळं त्या ३५ टक्के पंपिंगच्या हार्टने ढकलायचं. चांगलं हार्ट ढकलून टाकतं. कमजोर हार्ट मागे पडलं की पाणी फुफ्फुसात साठतं, माणूस आडवा झोपू शकत नाही, धाप लागते, खोकल्यात गुलाबीसर फेस येतो, आणि मग डोळा राहतो बाजूला आणि आयसीयू शोधावं लागतं.

दुसरा भाग किडनीचा. मॅनिटॉलने शुगर जवळजवळ वाढत नाही कारण शरीर ते फारसं वापरतच नाही, ते जसंच्या तसं किडनीतून गाळलं जाऊन लघवीवाटे बाहेर जातं, जाताना पाणी घेऊन जातं. पण किडनीच गाळत नसेल तर ते रक्तातच फिरत राहतं आणि पाणी धरून ठेवतं, सोडियम पातळ होतं, पोटॅशियम वर जाऊ शकतं, पेशंट गोंधळल्यासारखा बोलतो, सुस्त पडतो, कधी फिट येते, आणि शेवटी ते काढायला डायलिसिसच करावं लागतं. लघवी पूर्ण बंद झालेल्या किडनी पेशंटला मॅनिटॉल द्यायचं नाही असं औषधाच्या माहितीपत्रकातच असतं. जास्त डोस दिला तर आधी बरी असलेली किडनीही ह्याने बिघडू शकते. क्रिएटिनिन १.९ म्हणजे सासूबाईंच्या वयाला किडनी साधारण ३० टक्क्यांच्या आसपास काम करतेय असं समजा. ह्यात मॅनिटॉल अजिबातच नाही असा नियम नाही, लघवी होत असेल तर अगदी थोडी टेस्ट डोस देऊन तासाला किती लघवी होते ते मोजतात आणि मग ठरवतात, पण सोबत हार्ट ३५ टक्के म्हटल्यावर मीही फिजिशियनच्याच बाजूने उभा राहिलो असतो.

आणि उलटीही गोष्ट असते बरं का, ज्यांच्या अंगात आधीच पाणी कमी आहे त्यांना. उलट्या-जुलाब होऊन सुकलेला पेशंट, किंवा हार्टसाठी पाण्याच्या (लघवी वाढवणाऱ्या) गोळ्या चालू असलेला, त्याला मॅनिटॉल दिलं की दोन तासांनी भरपूर लघवी होते, बीपी पडतं, उठल्यावर चक्कर येते, किडनीला अजून मार बसतो. हल्लीच्या शुगरच्या काही गोळ्या, डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन वगैरे, ह्या पण लघवीवाटे साखर आणि पाणी बाहेर काढतात आणि हार्ट-किडनीवाल्यांना हमखास लिहिलेल्या असतात, सासूबाईंच्या फाईलमध्ये बघा. मोठ्या ठरलेल्या ऑपरेशनआधी ह्या साधारण तीन दिवस बंद ठेवायला सांगतात, मोतीबिंदूला काय करायचं ते फिजिशियनना विचारा, स्वतःहून बंद करू नका.

अजून दोन गोष्टी चटकन सांगतो. मेंदूची सूज उतरवायला हेच मॅनिटॉल सर्रास लावतात, पण डोक्यात रक्तस्राव चालूच असेल तर ते टाळायचं असतं, ऑपरेशन टेबलवर असताना सोडून, त्यामुळे ॲक्सिडेंटचा पेशंट असेल आणि डॉक्टर आधी सीटी स्कॅन म्हणत असतील तर "बाटली लावा आधी" असा आरडाओरडा करू नका. आणि घरात सासरे असतील, प्रोस्टेटचा त्रास असेल, तर मॅनिटॉलनंतर लघवी भराभर तयार होते पण बाहेर पडत नाही, ब्लॅडर तटतटून फुगतं, अशांना कधी कधी आधी कॅथेटर घालावा लागतो. हे सांगायला पुरुष लाजतात आणि मग ऑपरेशन टेबलवर तळमळतात.

थंडीतली एक गोष्ट पण माहीत असू द्या. मॅनिटॉलच्या बाटलीत गारठ्याने सुईसारखे पांढरे खडे तयार होतात, तळाशी बारीक काचेचा चुरा असल्यासारखं दिसतं. ती बाटली खराब नसते, गरम पाण्यात ठेवून हलवली की खडे विरघळतात, मग अंगाच्या तापमानाला आणून फिल्टर असलेल्या सेटमधून लावतात. पण खडे दिसत असताना कुणी तशीच लावायला लागलं तर नातेवाईकांनी सिस्टरना दाखवलेलं बरं. आणि सलाईन लावलेला हात फुगला, झोंबायला लागला तर लगेच सांगायचं, हे औषध नसेबाहेर गेलं तर कातडी खराब करतं.

आता ग्लिसरॉल, म्हणजे ते लिंबू पिळलेलं. ह्याचा पाण्याचा खेळ तसाच, हार्ट आणि किडनीवाल्यांना तीच भीती, पण वरून ह्याचं लिव्हरमध्ये चक्क ग्लुकोज होतं. ६० किलोच्या माणसाला ६० ग्रॅम म्हणजे घरातल्या चमच्याने डझनभर चमचे साखर एका बैठकीत, तीही त्रासाने आधीच शुगर वाढलेल्या बाईला. म्हणजे ४१२ ला नवल नाही. नणंदबाई "साखर पाजली" म्हणतात ते शब्दशः नाही पण अगदी चूकही नाही. शुगर वाढली की लघवी वाढते, त्यात उलट्या, माणूस सुकतो, आणि वयस्कर डायबेटिकमध्ये शुगर अजून चढून रक्त दाट होऊन गुंगी येण्यापर्यंत जाऊ शकतं. तुमच्याकडे तसं झालं नाही, वेळेत पोचलात. शुगर आहे हे माहीत असतं तर बहुतेक डॉक्टर ग्लिसरॉल बाजूला ठेवून ड्रॉप्स आणि दुसरी औषधं आधी वापरतात. पण तीही बिनधोक नाहीत, टिमोलॉलचे ड्रॉप्स दमेकऱ्यांना चालत नाहीत, डायमॉक्सची गोळी कमजोर किडनीत जपूनच. म्हणून "हे नको" एवढं सांगून आपलं काम संपत नाही, "हे हे आजार आहेत" हे सांगायचं, औषध त्यांना निवडू दे. आणि कुठल्याही परिस्थितीत भीतीने उपचारच नाकारू नका, अशा झटक्यात डोळा खरंच जातो.

मोतीबिंदूच्या ऑपरेशनचं. आपल्याकडे काही ठिकाणी, विशेषतः प्रेशर जास्त असलेल्या डोळ्यात, ऑपरेशनआधी डोळा मऊ करायला मॅनिटॉलची बाटली लावतात. तिथे घाई नसते, ठरलेलं ऑपरेशन आहे, त्यामुळे आधीच बोलता येतं. एका साध्या कागदावर मोठ्या अक्षरात लिहा: शुगर, क्रिएटिनिन १.९ आणि रिपोर्टची तारीख, पंपिंग ३५ टक्के आणि इकोची तारीख, शेवटचं सोडियम-पोटॅशियम, चालू सगळ्या गोळ्या, आणि खाली लाल पेनाने "मॅनिटॉल / ग्लिसरॉल देण्याआधी फिजिशियनशी बोलावे". हा कागद सर्जनला दाखवाच, पण सर्जनला दाखवून थांबू नका, कारण सकाळी सातला बाटली लावणारी सिस्टर वेगळी असते आणि तिच्यापुढे दहा-पंधरा पेशंटची लाईन असते. फाईलच्या पहिल्या पानाला स्टेपल करा. मिस्टरांच्या आणि तुमच्या मोबाईलमध्ये फोटो ठेवा. आणि हो, दुसऱ्या डोळ्याला लेझरचं छिद्र (आतल्या पाण्याला वाट करून देणारं) केलंय का हे विचारलंत का? पत्रात लिहिलं नाहीत. एका डोळ्याला असा झटका आला की दुसऱ्यालाही यायची शक्यता बरीच असते, म्हणून तिथे आधीच लेझर करून ठेवायची पद्धत आहे, पाच-दहा मिनिटांचं काम, आणि ते झालं की पुन्हा अशी रात्रीची धावपळ व्हायची शक्यता खूपच कमी होते. माझ्या मते मोतीबिंदूच्या तारखेपेक्षा हे आधी.

बद्धकोष्ठाचं सिरप. तुम्ही नाव लिहिलं नाही पण गोड आहे म्हणजे लॅक्टिटॉल किंवा लॅक्टुलोज असावं. लॅक्टिटॉल ह्याच घराण्यातलं, १५ मिलीत साधारण १० ग्रॅम असतं. लॅक्टुलोज वेगळं, ती एक प्रकारची साखरच, पण काम सारखंच, दोन्ही पचत नाहीत, मोठ्या आतड्यात पाणी ओढतात आणि तिथले जंतू त्यांचा गॅस करतात. शुगर ह्याने फारशी वाढत नाही, ती काळजी सोडा. सांगितलेल्या डोसमध्ये किडनीच्या पेशंटला ही सिरपं नेहमी देतात. फक्त जुलाब होऊ देऊ नका, दोन दिवस पातळ झालं की पाणी आणि क्षार जातात आणि पुढच्या टेस्टमध्ये क्रिएटिनिन वर. आणि पोट फुगलंय, गॅसही सरत नाही, उलट्या होतायत, अशा वेळी "साफ होत नाहीये" म्हणून सिरपचा डोस वाढवायचा नाही, आतडं कुठे अडकलं असेल तर ह्याने जास्त बिघडतं.

पण पोटॅशियमच्या पावडरचं वाचून मी जरा सावध झालो. कॅल्शियम पॉलिस्टायरीन सल्फोनेट किंवा सोडियमवाली, पाण्यात कालवून घेतात ती. ह्या पावडरने स्वतःच पोट कडक होतं, म्हणून पूर्वी ती सॉर्बिटॉलमध्येच कालवून द्यायचे. मग आतड्याचा भाग सडल्याच्या, भोक पडल्याच्या घटना समोर आल्या, आणि २००९ मध्ये अमेरिकेच्या एफडीएने (तिथली औषधांवर देखरेख ठेवणारी सरकारी संस्था) सोडियमवाल्या पावडरीसोबत सॉर्बिटॉल देऊ नका अशी सूचना काढली. ऑपरेशननंतर आतडं मंद असलेले, आधीच कडक बद्धकोष्ठ असलेले, किडनीवाले, ह्यांना धोका जास्त. असं रोज होतं असं नाही, पण झालं तर भयंकर. लॅक्टिटॉल म्हणजे सॉर्बिटॉल नव्हे, तरी त्या सिरपच्या बाटलीवर बारीक अक्षरात "सॉर्बिटॉल" आहे का बघा, भिंग घ्या, आणि इतर पातळ औषधांवरही बघा, अँटासिडमध्येसुद्धा असू शकतं. असेल तर पावडर देणाऱ्या डॉक्टरांना ह्याच आठवड्यात दाखवा. पावडर आणि बाकीच्या गोळ्या यात तीन तासांचं अंतर ठेवायचं असतं, हे बहुतेकांना कुणी सांगितलेलंच नसतं, सगळं सकाळच्या चहाबरोबर एकदम उरकतात. ती पावडर घेताना पोटात सतत दुखलं किंवा शौचात रक्त दिसलं तर वाट बघायची नाही, ॲडमिट.

(सॉर्बिटॉलचा विषय आलाच तर सांगतो, मॅनिटॉलसुद्धा पूर्वी कोलोनोस्कोपीआधी, म्हणजे दुर्बिणीने मोठं आतडं तपासायच्या आधी, पोट साफ करायला प्यायला द्यायचे. आतड्यातले जंतू त्यातून हायड्रोजन तयार करतात आणि आत गाठ जाळताना ठिणगी पडून स्फोट झाल्याची, पेशंट दगावल्याची नोंद १९७९ ची आहे. म्हणून हल्ली वेगळी पावडर देतात.)

मुलाचं. शुगर फ्री खोकल्याच्या औषधातलं सॉर्बिटॉल चमचा-दोन चमच्यात असतं तेवढं बहुतेक मुलांना काही करत नाही, फार तर पोट ढिलं होईल, आणि एकाच वेळी तापाचं, खोकल्याचं, ॲलर्जीचं अशी तीन सिरपं चालू असतील आणि पोरगं सारखं पातळ करत असेल तर इन्फेक्शनच्या आधी बाटल्यांवरची नावं वाचा. चार वर्षांच्या मुलाला मुळात खोकल्याचं औषध लागतंच का, हा माझा वेगळा वाद आहे, तो पुन्हा कधी.

एक अपवाद मात्र पक्का. काही मुलांना जन्मतःच फळातली साखर, फ्रुक्टोज, पचवायचं एन्झाइम नसतं. दूध पितात तोवर एकदम छान, वरचं सुरू केलं, मध, गूळ, फळ, गोड पेज, की उलट्या, घाम, सुस्ती, वजन वाढत नाही, लिव्हर मोठं. पुढे ही मुलं स्वतःच गोड नाकारायला लागतात, लग्नात जिलेबीचं ताट परत करतात, आणि दात एकदम किडविरहित असतात म्हणून सगळे कौतुक करतात. सॉर्बिटॉलचं लिव्हरमध्ये फ्रुक्टोजच होतं, त्यामुळे ह्यांना सॉर्बिटॉलचं सिरप तर नाहीच, साधं साखरेचं सिरपही नाही, आणि सलाईनमधून सॉर्बिटॉल असलेलं औषध गेलं तर ते जिवावर बेतू शकतं. म्हणूनच दोन वर्षांखालच्या बाळांना, ज्यांचा हा आजार अजून लक्षातच आलेला नसतो, नसेतून तसं औषध द्यायचं टाळतात. आजार दुर्मिळ आहे, युरोपात साधारण २० हजारांत एक धरतात. तुमचा मुलगा केळं, चॉकलेट, शिरा आनंदाने खात असेल तर विषय संपला. गोड बघून तोंड फिरवत असेल, खाल्लं की ओकत असेल, तर सिरप आज बंद करा आणि बालरोगतज्ज्ञांना हे सगळं असंच्या असं सांगा. आणि अशा मुलाची शुगर उतरली तर साखरपाणी नाही, ग्लुकोजची पावडर.

सिरपचं आणि पावडरचं नाव, आणि सासूबाईंचा ताजा पोटॅशियमचा रिपोर्ट पाठवून द्या, बघतो.